मोर्सबीत काढलेली दाढी

३ मार्च
पोहोचलो पोर्ट मोर्सबीला. काकाच्या पत्र्याच्या खोलीत उतरलोय. उकाड्याने दाढी खाजते. काका म्हणाला, "खाजू दे. तोवाचं रक्त अजून तसंच आहे."
शेजारच्या कामुगा टोळीने तोवादादाला कोयत्याने तोडलं त्याला आज सेहेचाळीस दिवस. मेलेल्याचा भाऊ दाढी काढत नाही — सूड घेईपर्यंत, नाहीतर त्यांच्याकडून भरपाईची डुकरं येईपर्यंत. डुकरं आलेली नाहीत.

५ मार्च
बसथांब्यावर फोनसाठी चोरट्याने एकाच्या हातावर कोयता मारला. भर दुपारी! लोक सुपारी चघळत बघत होते. मी शर्ट फाडून त्याला बांधला. दादाच्या वेळी मी नव्हतो.

९ मार्च
गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे. साहेब किनाऱ्याकडचा, आमच्या डोंगरातल्या रीती त्याला ठाऊक नाहीत. "दहावी झालायस, नोंदी नीट ठेवशील. पण हे जंगल काढून ये. नाहीतर येऊच नकोस!" त्याच्या लेखी ते नुसते केस.
डेल्मावहिनी आणि तिची दोन लेकरं आता माझ्यावर आहेत.

१० मार्च
काढली. एवढ्या शहरात माझ्या तोंडाकडे कोण बघतंय?

११ मार्च
सगळ्यांनी बघितलं. वस्तीतले सगळे आमच्याच गावचे. मग काकाने मला उचललंच. "एकट्याने? आम्हाला न सांगता? बहाद्दरा!"
"काका, नोकरीसाठी काढली."
"हो हो, नोकरीसाठीच! पोलीस आले तर हेच सांग." सगळे खदखदून हसले. बायकांनी कोंबडी कापली. काकाने गावी फोन लावला — "आपल्या यारोने काम केलं!" मी त्याचा हात धरला. पण जोर लावला नाही. माझ्याकडे आजवर कुणी असं बघितलं नव्हतं. कोंबडी मी खाल्ली.

१३ मार्च
फाटकावरचा जोडीदार अलू. गाव विचारलं, मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो कामुगा! माझ्या गालांकडे बघत राहिला.
"कुणाला मारलंस?"
"कुणालाच नाही."
"मग गाल साफ कसे?"
तिथेच उभ्याउभ्या त्याने एकेका नातेवाइकाला फोन लावले. सगळे बोलले. धाकटा भाऊ सेंगी तेवढा फोन उचलेना.

१४ मार्च
सेंगीला मी मारलं असं धरून दुपारी कामुगा आले. तीसेक जण. कोयते, गोफणी, पेट्रोल. काकाची खोली जळाली. काकाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.
मी एकाच्या डोक्यात पहार घातली. हाड वाजलं. तो पडला, रांगत निघाला. मी पुन्हा पहार उचलली. त्याने माझं काय केलं होतं? काही नाही. शेजारणीने मागून माझी कंबर धरली म्हणून तो वाचला. मी तिलाही ढकललं.

१६ मार्च
सेंगी जिवंत आहे! मासेमारीच्या बोटीवर होता, चार दिवस. अलू त्याला फाटकावर घेऊन आला. "हा बघ, मेलेला! मासे विकतोय!"
आम्ही तिघे हसलो. अलूने स्वतःची सुपारी मला अर्धी दिली. म्हणाला, "खरं सांगत होतास तर ओरडून सांगायचंस, गाढवा!"
त्याचं बरोबर आहे. गावी फोन लावला, खरं काय ते सांगायला. लागला नाही.

१७ मार्च
मावशीचा फोन. काकाचा निरोप ऐकून वहिनीने दुखवट्याची माती अंगावरून धुऊन टाकली. शनिवारी स्वच्छ तोंडाने बाजारात गेली. कामुगांनी अडवून विचारलं, सूड कुणी घेतला? तिने मान ताठ करून माझं नाव सांगितलं. तिला तिथेच तोडलं.
लेकरं उद्याच्या विमानाने येताहेत. आई गेली हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.