रिजेक्ट फरसबी

८ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून शेती. घरामागच्या मोकळ्या जागेत मुलाला काँक्रीट टाकून गाडी लावायची आहे. गाडी रस्त्यावर सुखाने उभी असते, पण ते ह्याच्या डोळ्यांत खुपतं. काल जेवताना शब्दाला शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, बाबा, एप्रिल संपायच्या आत एका वेळची भाजी मागच्या मातीतून ताटात आणा, काँक्रीटचं नाव काढणार नाही. मी म्हटलं, एका वेळची? गल्लीत वाटावी लागेल! बायको म्हणाली, आधी उगवू तर दे.
उत्साहावर पाणी ओतायला घरात सगळे पुढे.

९ फेब्रुवारी
खणलं. कंबर धरली. दोरी लावून, स्टीलच्या पट्टीने अंतर मोजून फरसबी, भेंडी आणि मुळा पेरला. आख्खी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. माझ्या हाताखालून वाकडा बोल्ट कधी सुटला नाही, तिथे वाकडी भेंडी काय सुटणार! ओळी अशा सरळ की बघत राहावं. सुनेला बोलावून दाखवल्या. म्हणाली, बाबा, काहीच दिसत नाहीये.
अर्थात. माल आत आहे.

११ फेब्रुवारी
बी उकरून पाहिलं. प्रगती नाही. परत पुरलं.

१२ फेब्रुवारी
उकरलं. फरसबी किंचित फुगली आहे. कॅलिपरने जाडी मोजून खात्री केली. परत पुरलं.

१३ फेब्रुवारी
मुळ्याचं बी जागेवर नाही. मुंग्यांवर संशय.
शेजारचे मास्तर भिंतीवरून म्हणाले, रोज सकाळी काय शोधता? काही पडलंय का? मी म्हटलं, तपासणी चालू आहे. ते म्हणाले, अहो, बी आहे ते, झोपू द्या की जरा!
शिक्षक माणूस. वर्गात झोपलेली मुलं बघायची सवय.

२४ फेब्रुवारी
उगवली! फरसबी भरपूर, भेंडी बरी, मुळा शून्य. मुळा मला तसाही आवडत नाही. घरच्यांना हाका मारून बोलावलं. बायकोने चष्मा लावला, वाकली आणि म्हणाली, खरंच की! एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मला 'खरंच की' म्हटल्याचं स्मरत नाही. दिवसभर काही खाल्लं नसतं तरी चाललं असतं. खाल्लं.

४ मार्च
नमुना तपासणी. वरून हिरवं दिसतं म्हणून खालून सगळं आलबेल असतं असं नाही. प्रत्येक ओळीतली काही रोपं उपटून पाहिली. मुळं वाकडी! बरं झालं पाहिलं. एक दोष सापडला की नमुना दुप्पट करायचा. हा नियम मी केलेला नाही.

५ मार्च
नमुना दुप्पट केला. पुन्हा वाकडी मुळं. आता मागे हटणं शक्य नाही.
रिजेक्ट रोपं बादलीत टाकली होती. बायकोने त्यांच्यावर पाणी शिंपडलं आणि बादली उचलली. विचारलं, कुठे? म्हणाली, गच्चीवर. मी म्हटलं, अगं, फेकायला एवढं वर कशाला? म्हणाली, वर वारा चांगला आहे. परत येऊन दोन घमेली मातीही घेऊन गेली.
तिचं लॉजिक तिलाच ठाऊक.

७ मार्च
शंभर टक्के तपासणी पूर्ण. माझ्या बागेत आता एकही सदोष रोप नाही. (बिनदोषही नाही, पण त्याचा जाब बियाणेवाल्याने द्यावा.)  मुलगा मागे येऊन गेला. हातात मोजायची टेप होती. म्हणाला, सहज आणली.

९ मार्च
दुसरी पेरणी. फक्त भेंडी. माघार घेणारे वेगळे.
संकल्प: बी उकरायचं नाही.
संध्याकाळ: एकच उकरलं.

५ एप्रिल
बायको हल्ली गच्चीवर फार रमते. कपडे वाळत घालायला एवढा वेळ? तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा वर नेते. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत हे तिला माहीत आहे. उतरली तेव्हा गुणगुणत होती. मला इथे एक रोप जगवताना घाम फुटतोय आणि हिला गाणी सुचतात.

२२ एप्रिल
उरलेल्या एकुलत्या एक भेंडीला कळी! आत काय चाललंय ते उघडून पाहिलं.
भेंडी नव्हती.

२८ एप्रिल
मुलगा गवंड्याशी फोनवर बोलत होता. मी म्हटलं, तारीख उलटली नाही अजून. तो म्हणाला, नुसती चौकशी हो बाबा. आणि काँक्रीटवर खुर्ची टाकून बसता येईल की तुम्हाला.
बसून काय करू? काँक्रीटला रोज काय नवीन फुटणार आहे? रिटायर झाल्यापासून सकाळी उठून घाईने जावं अशी ही एकच जागा. हे त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नाही.

३० एप्रिल, दुपार
जेवायला फरसबी. कोवळी, लुसलुशीत. मुलगा म्हणाला, बाजारातली वाटत नाही. बायको म्हणाली, नाहीच मुळी. ह्यांनी उपटलेली रोपं मी गच्चीवर लावली. बी ह्यांनी पेरलं, माती मागचीच, आणि आली की नाही ताटात? झालं तर मग!
मुलगा हसायला लागला. म्हणाला, जिंकलात बाबा, गवंड्याला नको म्हणून कळवतो. सुनेने टाळ्या वाजवल्या.
मी घास खाली ठेवला. एकदा रिजेक्ट केलेला माल मी जन्मात पास केलेला नाही. साहेबांनी डोळे वटारले तेव्हा नाही, मालक स्वतः आला तेव्हाही नाही. तसं स्पष्ट सांगितलं. मुलगा म्हणाला, अहो, मी धरतोय ना! मी म्हटलं, तू कोण धरणारा? शिक्का माझा आहे.
बायकोने पळी भांड्यात ठेवली आणि उठून गेली.
तत्त्व राखलं. आणखी थोडी भाजी हवी होती. मागितली नाही.

६ मे
काँक्रीट पडलं. उतार चुकलाय असं गवंड्याला सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, जरा बाजूला व्हा.

९ मे
हार मानलेली नाही. गच्चीवरची शेती ताब्यात घ्यायचं ठरवलं. तिथे शिस्त नसणार, अनुभवी माणसाची गरज आहे. कठड्याला धरून, दर वळणावर थांबत जिना चढलो. दाराला कुलूप!
खाली येऊन किल्ली मागितली. बायको म्हणाली, नाही मिळणार. मी लावलेल्या वांग्यांना आत्ता कुठे फुलं लागलीत. म्हटलं, अगं, नुसतं बघतो. म्हणाली, सूनबाईला देईन, मास्तरांना देईन, तुम्हाला नाही.
पुन्हा वर गेलो. कुलूप ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, लटकून पाहिलं.
चांगलं आहे. पास.