आजीच्या गालावरील शिक्क्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
कलादालन वाटप कार्यालय

विषय : ताब्यात घेतलेल्या अकरा पाट्या गुरुवारपूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, ‘कार्यालयीन शिक्क्याची बनावट प्रतिकृती बाळगणे’.

महोदय,

१. आपल्या कोठारात अर्जदाराच्या मावशीच्या अकरा पाट्या आहेत : सहांवर जिने, चारांवर दरवाजे, एकीवर आजी. मावशी मातीच्या पाटीवर चित्र कोरते, पाटी भट्टीत भाजते, रेषांत शाई भरते आणि कागदावर ठसा घेते. दालनासाठीच्या अर्जाला नमुने जोडणे सक्तीचे होते व मुदत भट्टीसाठी थांबणार नव्हती, म्हणून तिने पाट्या कच्च्याच जोडल्या.

२. प्रत्येक जोडपत्रावर शिक्का हवा, असे सांगून आवक विभागातील कारकुनांनी अकराही पाट्यांवर तो मारला. आजीच्या पाटीवर गालाखेरीज मोकळी जागा नव्हती. आजी हयात असताना कोणत्याही कार्यालयाने तिची एवढी दखल घेतली नव्हती. दालन मंजूर झाल्यावर पाट्या परत मिळाल्या. “बसला तर बसला, भाजते तशीच,” असे म्हणून मावशीने त्या भाजल्या.

३. भाजलेल्या पाट्या घेऊन ती दालनात आली, तेव्हा शिक्का ओळखला गेला आणि पाट्या जप्त झाल्या. शिक्का आपला, हात आपला, आरोपी मावशी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे ती म्हणते. अर्जदार तसे म्हणत नाही.

४. अर्जदार विज्ञान शाखेची पदवीधर असून तिने खुलासा केला की, अशा पाटीचा ठसा कागदावर उलटा उमटतो, त्यामुळे बनावट शिक्का म्हणून तो चालणार नाही. त्यावर ‘आरशात सुलटा वाचता येतो’ असा शेरा आला. भाजताना माती आक्रसते; आपला गोल शिक्का ४२ मि.मी. व्यासाचा, पाटीवरचा ३७, हेही तिने मोजून दाखवले. त्यावर ‘लहान शिक्का दुय्यम कार्यालयाचा असू शकतो’ म्हणून फाइल तिकडे गेली. त्यांचा शिक्का चौकोनी आहे. तो गोल कसा झाला, याची चौकशी आता सुरू असल्याचे समजते.

५. शिक्का पुसून आणल्यास पाट्या परत मिळतील, असे आपण कळवले आहे. पाट्या आपल्याकडे असताना त्या पुसून आणायच्या कशा, हा प्रश्न अर्जदार बाजूला ठेवते. पण भाजलेली माती पुसली जात नाही, फुटते. “माझ्या आईचा गाल घासायचा असेल तर साहेबांनी स्वतः घासावा,” असा मावशीचा निरोप आहे.

६. प्रदर्शन गुरुवारी आहे. मावशी एकसष्ट वर्षांची आहे व हे तिचे पहिलेच प्रदर्शन. दालनाच्या भिंतीवर खिळे ठोकून झाले आहेत. पडताळणीसाठी त्याच मातीची एक कच्ची पाटी सोबत जोडली आहे. ती आपण स्वतः भाजून मोजावी. कृपया तिच्यावर शिक्का मारू नये.

आपली नम्र व मोजपट्टीसह हजर,
(सही)
भाची, मावशीच्या वतीने
सोमवार

सोबत : कच्ची पाटी, एक.

ता.क. : अर्ज स्वीकारताना आवक विभागाने जोडपत्रावर शिक्का मारला. जागेवरच मोजला. व्यास ४२ मि.मी.