चंद्राच्या पाठीवर अळीव

१२ ऑक्टोबर २०२५

रोजनिशी लिहावी असे माझ्या आयुष्यात काही घडत नाही. तरीही हे धाडस करते आहे, त्याबद्दल या पानाची आधीच क्षमा मागते. पण आज घडले! डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीतल्या दिवाळीच्या किल्ल्यावरून माझी धाकटी बहीण प्रियांका वैतागली — "ताई, तीन वर्षं प्रतापगडच करतोय आपण!" मी हळूच म्हणाले, चंद्रावरचे विवर करू या. शास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र यांच्या नावाचे, चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे. ती नाचलीच!

ठाण्याला नौपाड्यातल्या मंडळाच्या स्पर्धेला किल्ल्याची माहिती सांगणारी चित्रफीत पाठवावी लागते. दरवर्षी लिहिते मी, बोलते प्रियांका. यंदा तिने अट घातली — "विवर तुझं, बोलायचंही तूच."

आत्तापासूनच पळवाटा शोधते आहे.

१५ ऑक्टोबर

माती, विटा, गोणपाट. आधी माख हे मोठे विवर, मग त्याच्या पश्चिम कडेला चिकटलेले आमचे मित्र विवर. तळमजल्यावरचे बाबुराव काका चहाचा कप घेऊन पाहायला आले. "काय गं, म्हशी डुंबवणार की काय यात?" उत्तर ठाऊक होते, पण मी गोणपाटच सरळ करत बसले.

१९ ऑक्टोबर

अनर्थ! विवर हिरवे झाले! किल्ल्यावर पेरतात तसे प्रियांकाने सवयीने अळीव पेरले होते. जिथे हवाच नाही, तिथे अळीव! "उपटू नकोस ना गं, किती छान उगवलंय!" मी रागावणार होते, हसूच आले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

काकांनी विचारले, "हा खड्डा आपल्या गच्चीवरून का दिसत नाही?" — आणि मी बोलू लागले! चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवतो; हे विवर त्याच्या पाठीवर. शिशिरकुमार मित्रांनी रेडिओलहरी परतवणाऱ्या, वातावरणातल्या उंच थरांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि त्यांचे विवर अशा जागी, जिथे आपला रेडिओ थेट पोहोचतच नाही.

"म्हणजे डीजे नाही, लाऊडस्पीकर नाही! डोंबिवलीकराला तिकडे फ्लॅट मिळेल का गं?"

वळून पाहते तो जिन्यात अर्धी सोसायटी! प्रियांकाने सगळे फोनवर टिपलेही होते.

मला ते ऐकवेना. आवाज थरथरतो, मध्येच मी खुदकन हसते. "तूच बोल," अशी गळ घातली. बिचारीने माझा कागद पाठ करून एका दमात म्हटला — स्वच्छ, निर्दोष. मुदत उद्या संध्याकाळी आठची; तिचीच चित्रफीत पाठवायची, असे ठरले.

२४ ऑक्टोबर

थरथरणारी पाठवली. माझी. शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी सात वाजून त्रेपन्न मिनिटे.