पोस्टकार्डांचा डबा आणि एनिड

२ नोव्हेंबर, सकाळ.
आधी सगळ्यांच्या तब्येती. गुडघा कसा आहे? कुरकुरतो. कोंबड्या? मजेत. बस्टर कुत्रा? जेवतो, पण एनिडच्या खुर्चीखालून हलत नाही. आणि बायको, एनिड? तिच्या बहिणीला, थेल्माला, फोन करून विचारलं. म्हणाली, तुझ्यापासून लांब आहे म्हणजे झकासच. विनोदी बाई! एनिड तिच्याकडे हवापालटाला गेली आहे, एवढंच. तिचं शिवणयंत्र मी सुधारायला उघडलं आणि ते पुन्हा जुळेना. एवढ्यावरून कोण कायमचं जातं?

३ नोव्हें.
योजना पक्की. शनिवारी गावचा शो, वर्षाचं प्रदर्शन आणि स्पर्धा. थेल्माचा केक स्पर्धेत आहे, म्हणजे एनिडही येणार. हस्तकलेच्या टेबलावर मी केलेला पोस्टकार्डांचा षटकोनी डबा, त्याला पहिल्या बक्षिसाची निळी रिबन. एनिड बघणार, विरघळणार, घरी येणार. कार्डांच्या कडांना भोकं पाडून लोकरीचे टाके घालायचे. सफरचंदाची कलमं बांधणाऱ्या हाताला हे काय अवघड?

४ नोव्हें.
जुनी कार्डं सापडली! एनिडच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात. लग्नाआधी मी क्वीन्सलंडला ऊसतोडीला गेलो होतो, तिथून पाठवलेली. मीच लिहिली, म्हणजे माझीच. विचारायचं कुणाला?

५ नोव्हें., दुपार.
डबा लवंडतो. एक बाजू कापली. मग बाकीच्या मोठ्या दिसायला लागल्या, त्या कापल्या. गठ्ठा संपला. डबा आता चहाच्या कपाएवढा. सुबक वस्तू लहानच असतात. कात्रणं कोंबड्यांखाली पसरली. बोटं टोचून टोचून सुजली आहेत.

७ नोव्हें.
डबा स्पर्धेला दिला. चित्रं आत, लिखाण बाहेर. उन्हाने चित्रांचा रंग उडायला नको. हस्तकलेचं टेबल सांभाळणारी शेजारीण ग्वेन डबा फिरवून फिरवून बघत राहिली. म्हणाली, सिरिल, नक्की असाच ठेवू? म्हटलं, असाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भारावली असावी.

८ नोव्हें., शनिवार.
रिबन एका विणलेल्या कोंबडीला. माझ्या डब्यावर चिठ्ठी: नियमबाह्य. वस्तू कुणाची ते परीक्षकांना कळता कामा नये म्हणे, आणि माझ्या डब्यावर तीन बाजूंनी ‘तुझाच सिरिल टिब्ज’.
टेबलाभोवती ही गर्दी. मर्व्ह खाटकाने डब्यावरचं वाचून चहाच्या तंबूतून ओरडून विचारलं, काय रे, तिच्या मानेचा वास अजून उसाच्या फडापर्यंत येतो का? सगळा तंबू हसला. मीही हसलो. लोकांना आवडलं होतं.
मग एनिड आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. तिने चष्मा लावून एकेक बाजू वाचली. हळू आवाजात म्हणाली, हे मी थेल्मालासुद्धा कधी दाखवलं नव्हतं, सिरिल. मग विचारलं, बाकीचं कुठे आहे? सांगितलं. कोंबड्यांखाली.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. थेल्माचा हात धरून गाडीत जाऊन बसली.

९ नोव्हें.
दिवसभर खुराड्यात गुडघ्यांवर. एका तुकड्यावर ‘तुझ्यावाचून’ एवढंच वाचता येतं. पुढचं कोंबड्यांनी खाल्लं.

१० नोव्हें.
दुकान उघडल्या उघडल्या नवं पोस्टकार्ड आणलं. चार वेळा कच्चं लिहिलं, सगळी शाई सगळ्यांच्या तब्येती लिहिण्यातच संपते. शेवटी हे पेटीत टाकलं:
प्रिय एनिड, तेव्हा मी काय काय लिहिलं होतं ते मला एक ओळही आठवत नाही. तुला पाठ असेल. लवकर लिहून कळव.