साल्दान्हा फादरांच्या पिंडाला कावळा

शहापूर, बेळगाव
११ जानेवारी १९७८

तीर्थरूप देवाप्पाअण्णा यांस, धाकट्या शालूचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या परशराममास्तरांनाही नमस्कार. आम्ही बऱ्या आहोत. आईचे गुडघे फार दुखतात, पण ते अण्णाला कळवू नको असे तिने बजावले आहे (मास्तर, गुडघ्यांचे वाक्य कृपया गाळावे).

आपले साल्दान्हा फादर गेल्याचे तारेने कळलेच असेल. चर्चमध्ये सगळे रीतसर झाले, पण आईचे समाधान होईना. म्हणाली, "त्यांचं त्यांनी केलं. एवढी वर्षं भात म्या वाढलाय, दहावं म्या करणार." ख्रिस्ती माणसाला पिंड चालतो का, हे कोणाला विचारावे ते मला कळेना (नवे फादर बंगला बघायला आले होते. त्यांना विचारायला गेले आणि चहा हवा का एवढेच विचारून परत आले).

शेवटी काल बंगल्यामागच्या चिंचेखाली पिंड ठेवला. शेजारी उकडलेले अंडे, कारण फादरांना आवडायचे. फादरांनी जन्मभर पक्ष्यांची अंडी जमवली हे तुम्हाला ठाऊकच आहे. घरट्यातले एकच उचलायचे आणि शिडीवरूनच पक्षिणीला "माफ कर, बाई" म्हणायचे. बाकीच्यांनी केले असेल, कावळ्यांनी केले नाही. ते फादरांच्या टकलावर चोची मारायचे, म्हणून फादर ऊन नसतानाही छत्री उघडून फिरत (गल्ली हसायची, तुम्हीही हसायचा). आता त्याच कावळ्यांची वाट बघत आम्ही बसलो. फांदी भरली, खाली एकही येईना.

आईने बाग राखू म्हणून पाहिले, मांजराला दूध घालू म्हणून पाहिले. कावळे ढिम्म. मग ती डोळे मिटून, हात जोडून म्हणाली, "फादर, तुमची अंडी टाकू देत न्हाय. आमी सांभाळतो."

तेव्हा एक उतरला.

खोलीत परतल्यावर आई म्हणाली, कावळा यावा म्हणून तसं बोलायचं असतं गं. मला ते पटत नाही. नवे फादर सोमवारी अंड्यांची ती पेटी बाहेर टाकणार आहेत. कापसातल्या त्या पोकळ अंड्यांखालच्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत. आपल्या घरात पाटी धरली ती मीच पहिली, आणि पाटीच्याही आधी 'टिटवी', 'बुलबुल' गिरवले ते तिथे. माझी वेडीवाकडी अक्षरे फादरांनी कधी बदलली नाहीत.

वहिनींना नमस्कार, बाळाला पापा.

तुमची,
शालू

ता. क. पेटी तुमच्या खोलीत ठेवून घ्यावी. रविवारी एसटीने मांडीवर धरून आणते. नव्या फादरांचा स्वयंपाकी सोबत येतो आहे, म्हणून आमचीही मागची खोली सोडायची आहे. तेव्हा पेटीबरोबर आम्ही दोघीही येतो. पेटीला जागा थोडी लागते. आमचे नंतर बघावे.

ता. क. दुसरे. मास्तर, हे अण्णांना वाचून दाखवू नये. कावळ्याने पिंडाला चोच लावलीच नाही. अंडे उचलून उडाला. आईने डोळे उघडले तेव्हा मी शिवला म्हणून सांगितले. फादरांनी कावळ्यांचे नेले, त्यांनी फादरांचे नेले. एवढ्यावर फादरांना सोडले असेल ना, मास्तर?