हरिणीखाली लाल रेघ

४ मार्च

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार. चिडून लिहितेय, तेव्हा अक्षराकडे पाहू नका.

भोवऱ्याने, म्हणजे तुमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याने, आमच्या छापखान्याच्या फोरमनने, मला गार खोलीतून उठवलं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या अटॅकनंतर त्यानेच दिली होती ती खोली. खुर्चीही काढून घेतली. आता शाईच्या छटा जुळवायच्या त्या यंत्रांशेजारी, जिथे छापलेला कागद वाळवायला गरम हवेचे झोत सुटतात. सकाळी मी ठणठणीत असते. अकरा वाजले की डाव्या डोळ्याला लाल रंग धुतल्यासारखा फिका दिसतो आणि उजवा पाय फरफटतो. बाहेर येऊन मानेवर ओला रुमाल ठेवला की तासाभरात दोन्ही ताळ्यावर. यावर हा सगळ्यांदेखत म्हणाला की बाईंचा आजार घड्याळ बघून येतो.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलंय. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. अटॅक म्हणजे नवा त्रास, किंवा जुनाच पुन्हा उसळलेला, आणि तो चोवीस तासांहून जास्त, दिवसचे दिवस टिकतो. मग उतार पडतो. महिने, कधी वर्षं बरी जातात. पण उतार म्हणजे बरं होणं नव्हे. आवरण झिजलंय तिथे उष्णता लागली की जुनं दुखणं तेवढ्यापुरतं डोकं वर काढतं. हे सगळं त्याला सांगितलं, तर फाइलवर बोट आपटून म्हणे, तुमच्या घरच्याच माणसाने लिहून दिलंय की तुम्ही खडखडीत बऱ्या आहात.

२० तारखेला मालकांपुढे सुनावणी आहे. खोटारडी ठरले तर नोकरी गेली. मामा, ते लिहिणारं माणूस मला हवंय. थोरल्या वहिनीचा संशय आहे. सापडलं की सोडणार नाही. भोवऱ्यालाही नाही.

लोभ तुमच्यावर आहेच, बाकी कुणावर उरला नाही.
तुमची खार


७ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चष्मा पुसावा लागला. रागाने, बरं का! सोडू नकोस कुणाला.

भोवरा पाचवीत मधल्या रांगेत बसायचा. एका जागी ठरेना म्हणून मीच ते नाव ठेवलं. कविता म्हणताना चौथ्या ओळीला अडखळायचा आणि खिडकीबाहेर बघायचा, जणू ती ओळ तिथल्या झाडाला लटकलीय. मी हळूच पुढचा शब्द सांगायचो. काय ते दिवस! खडूचा वास, दुपारचं तिरपं ऊन, चाळीस गळ्यांतून एक चाल... आता वाटतं, तास संपेपर्यंत उभा ठेवायला हवा होता. भर सभेत त्याला अडखळायला लावीन, आणि या वेळी एक शब्द सांगणार नाही. रोज दुपारी आरामखुर्चीत हाच बेत रंगवतो. तुझी मामी म्हणते, माझे ओठ हलतात.

वहिनीला कालच असं पत्र धाडलंय की महिनाभर झोंबेल.

गेल्या वर्षीची ती सकाळ आठवते. मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या, तू पुढे नि मी मागे धापा टाकत. वर पोचून तू केस मोकळे सोडलेस आणि मला वाटलं, संपलं दुखणं. घरी येऊन आनंदाच्या भरात चार माणसांना पत्रं लिहिली. त्या आनंदात कुणी असं विष कालवावं!

नाव कळव. मग बघच.

लोभ आहे, या खेपेस त्याला धारही लावलीय.
तुझा मामा


१४ मार्च

ती. मामांस,
नमस्कार. ‘विनंती विशेष’ वगळते, कारण ही विनंती नाही.

नाव कळवते. तुमचं.

फाइल पाहायला मिळाली. तेच तुमचं वळणदार अक्षर. ‘आपण दिलेल्या गार खोलीने माझ्या भाचीला नवा जन्म दिला. दुखणं कापरासारखं उडून गेलं. ती हरिणीसारखी पायऱ्या चढते.’ खाली चार ओळींची कविता. भोवऱ्याने हरिणीखाली लाल रेघ मारलीय. लाडक्या विद्यार्थ्याचे आभार मानताना मला एका शब्दाने विचारलं असतंत तर?

त्या सकाळी हरिणीने काय केलं ते ऐका. उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला. घरी येऊन न्हाणीघरात तासभर फरशीवर बसून राहिली, कारण उठायला पाय नव्हते. दोन दिवस अंथरुणात. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही इतके खूश होतात. ती माझी चूक. तुमची मोठी.

वहिनीची माफी मागा. आणि तुमची शिक्षा ऐका. २० तारखेला मालकांपुढे, भोवऱ्यासमोर, ते पत्र उभं राहून वाचायचं. एकेक उपमा खोडायची आणि तिथे खरं काय ते सांगायचं. अडखळलात तर कुणी शब्द सांगणार नाही.

मी नसेन. परवापासून उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. गार पाण्याने बधिरपणा उतरत नाही, झोपेनेही नाही. हा उष्णतेचा खेळ नाही, नवा अटॅक आहे. उद्या दवाखान्यात भरती, सलाइनमधून स्टिरॉइड. हे अक्षर डाव्या हाताचं आहे. त्याला उपमा शोधू नका.

लोभाचं मागाहून बघू.
खार


२१ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

सांगितलंस तसं केलं. मी शिरलो तेव्हा भोवरा सवयीने उठून उभा राहिला, मग भानावर येऊन बसला. मालक मला बसा म्हणाले. बसलो नाही.

‘कापरासारखं’ खोडलं. म्हणालो, दुखणं गेलेलं नाही, दबा धरून बसलंय. मग तेही मागे घेतलं आणि नुसतं ‘आहे’ म्हणालो. ‘नवा जन्म’ खोडला. हरिणीपाशी थांबलो. पुढे न्हाणीघर सांगायचं होतं. खिडकीबाहेर पाहिलं. तिथे काही लटकलेलं नव्हतं. कुणी शब्द सांगितला नाही. मग फरशीवरचा तो तास सांगितला.

भोवरा म्हणाला की सर, कवितेत खोटं नसतं हे तुम्हीच शिकवलंत. मी म्हणालो, चुकीचं शिकवलं. मग विचारलं की याच फाइलमध्ये डॉक्टरीणबाईंचा कागद आहे, त्यात उष्णतेपासून जपा असं लिहिलंय, त्याखाली रेघ का नाही मारलीस? तो थांबला, अगदी चौथ्या ओळीवर थांबायचा तसा. मी गप्प उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मालकांनी तो कागद दोनदा वाचला. खोली परत, खुर्ची परत. हात सावरेपर्यंत तुझी जागा राखणार. आणि खोलीचं तापमान रोज तीनदा वहीत लिहायचं, भोवऱ्याने, स्वहस्ते, खाली सही करून. हे मी सुचवलं.

वहिनीची माफी मागितली. उत्तर आलं, ‘वाचलं.’ एवढंच.

तुझ्याबद्दल आज काही लिहीत नाही. विचारतो फक्त. बोटं कशी आहेत? किती चालतेस?

लोभाला पात्र असेन तर कळव.
मामा


२ एप्रिल

ती. मामांस,
नमस्कार.

अंगठा आणि पहिलं बोट परत आलं. उरलेली तीन अर्धीमुर्धी. जिन्याच्या सात पायऱ्या चढले, सातवीवर बसले. लाल रंग उजव्या डोळ्याला लाल, डाव्याला विटकरी. उतार पडतोय. किती दिवसांचा, ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

मैत्रिणीकडून ती वही मागवून पाहिली. सत्तावीस नोंदी, सत्तावीस सह्या. माझं मन अजून भरलं नाही. चालू द्या.

तुम्हालाही माफ केलेलं नाही. तुमचं खोडलेलं पत्र मालकांकडून मागून घेतलं आणि टेबलासमोर भिंतीला लावलं. दर रविवारी एका ओळीत विचारत जा, किती पायऱ्या. असेल तो आकडा कळवीन, शून्य असला तरी.

लोभ असू द्यावा. वाढवून सांगू नये.
तुमची खार