उजवीच पावलं

शके १८५७, आश्विन वद्य ११
देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. नाशकाहून पेठ, पुढे बैलगाडी, आणि हा रानातला बंगला. हे जंगलखात्यात कारकून. साहेबांनी दिवाळीचे आठ दिवस राहायला दिला, तोही फुकट. एका अंगाला दरी, मागे साग, समोर पाणवठा. देखावा बरा आहे, नाही म्हणवत नाही. पण दिवाळीत घर सोडून जनावरं पाहायची म्हणे! नाशकात गंगेवर माकडं काय थोडी आहेत? आमची लेक चंद्रभागा मात्र खूश. आल्यापासून लंगडी घालतेय. पाच वर्षांची पोर, पण डाव्या पायाची करंगळी आजीसारखीच वाकडी, आणि हट्टही आजीचाच.

वद्य १२
इथला चौकीदार गोटीराम संध्याकाळी पाणवठ्यापासून आपल्या पायरीपर्यंतची धूळ फांदीने सारखी करतो आणि सकाळी तीत उमटलेले पाय वाचतो. हे सांबर, हे तरस, हे भेकर गाभण. आमचे हे ते सगळं वहीत उतरवून घेतात. बी.ए. झालेला माणूस ओणवा होऊन तरसाचे पाय पाहतो! दिवसभर दुर्बीण लावून काय दिसलं, तर सांबराची पाठ.

अमावास्या
लक्ष्मीपूजन यथासांग झालं. पाणवठ्याकडून देवापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली. मुठीची कड टेकवायची, वर बोटांचे पाच ठिपके. पिठाची वाटी डाव्या हातात, म्हणून सगळी उजव्याच मुठीची. पीठ सांडलं नाही, वेळही वाचला. लक्ष्मी का उजवं-डावं तपासत बसणार आहे?
गोटीरामाची बायको भिमाबाई पाहून जागीच बसली. म्हणे रानाकडून घरात येणारी पावलं इथं कुणी काढत नाही. ज्याला पाय नाहीत ते त्यांवरून चालत येतं. आणि उजवीच दिलीत बाईसाहेब, डावं ते हुडकत बसंल. मी हसले. अक्षरशत्रू माणसं, दुसरं काय सुचणार! करंजी देऊन वाटेला लावली.

कार्तिक शुद्ध १
सकाळी धुळीत पायरीपर्यंत ठसे. मुठीएवढे, वर पाच ठिपके, सगळे उजवे. चंद्रीला लंगडी घातल्याबद्दल एक लगावली. ती म्हणते, मी आत्ता उठले. खोटारडी! गोटीरामाने ते वाचले नाहीत. वरून फांदी फिरवली. हे मात्र नवीन जनावर सापडलं म्हणून हरखले, साहेबांना कळवायचं म्हणतात. सगळ्यांचं डोकं फिरलंय.

शुद्ध २
ठसे आत आले. फरशीवर, धुळीचे. देवापाशी थांबले नाहीत. अंथरुणापाशी थांबले — चंद्रीच्या, पायथ्याशी. तिच्या डाव्या पायाला मुंग्या. तेल चोळलं, स्तोत्र म्हटलं. थंडीने होतं असं.

शुद्ध ३
चंद्री धुळीतून धावत आली. दोन्ही पायांवर, माझ्या डोळ्यांदेखत. मागे पाहिलं तर ठसे उजव्याच पायाचे. पुन्हा चालवलं. डावा पाय टेकतो, धूळ हलत नाही.
आणि रात्री येणाऱ्या त्या मुठीएवढ्या ठशांत आता डावंही आहे. करंगळी वाकडी.
यांची दुर्बीण पेटीत गेली. गाडी उद्या दुपारी. भिमाबाईला बोलावणं धाडलं, ती येईना. गोटीरामाकरवी निरोप आला — बाहेर जाणारी पावलं काढा, काढाल तेवढंच जाईल. आणखीही काही सांगत होता. मी म्हटलं कळलं, मॅट्रिक झालेय मी, धडे द्यायला नकोत —

शुद्ध ४
पहाटेच काढली. दारापासून पाण्यापर्यंत. या खेपेला काटकसर नाही, दोन्ही मुठींची. उजवं, डावं, उजवं, डावं. सगळं पीठ संपवलं.
भिमाबाई आली, पाहिलं, कपाळ बडवलं. उजवीच काढायची होती बाई, उजवीच! तेवढीच त्याची. डावं पोरीचं, ते घरात ठेवायचं होतं — तेच सांगत होता गोटीराम —
हे पुसायला धावले. पुसतात, पावलं पुन्हा उठतात.
चंद्रीला मांडीवर घट्ट धरलंय. डाव्या हाताने. उजव्याने लिहितेय, म्हणजे डोळे दाराकडे जाणार नाहीत. तरी दिसतंय. धुळीत एकेक उठतंय, पाण्याकडे. उजवं. वाकड्या करंगळीचं डावं. उजवं —
चंद्री हसतेय. विचारते, आई, पाणी गार असेल का गं —
अर्ध्या वाटेवर गेली पावलं. मांडीवर भार वाटत नाही. करंजीच्या पारीएवढी हलकी — धरलंय मी, दोन्ही हातांनी धरायला हवं, लेखणी टाकून दोन्ही —